जीपखाली बोललेलं वाक्य

आमच्या दाजींनी लष्कराच्या लिलावातली जुनी जीप घेतली, तेव्हा त्यांच्या गावात लोक हसले होते. गाव चितेगावच्या पुढं, पैठण रोडपासून आत. मेंढरं राखणाऱ्याला जीप कशाला पाहिजे, असं पारावर बोलणं व्हायचं. दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, कुणाला उत्तर द्यायच्या भानगडीत पडायचे नाहीत. पावसाळ्यात त्या काळ्या रानात बैलगाडी आसापर्यंत रुतायची, तिथून ही जीप चारही चाकांनी जोर लावून बाहेर निघायची. मेंढरं बसवलेल्या रानात पाण्याचं पिंप न्यायचं, आजारी मेंढी मागं टाकून डॉक्टरकडं आणायची, एखाद्या बाळंतिणीला डांबरी रस्त्यापर्यंत सोडायचं, अशी कामं तिच्यावर व्हायची. दोन वर्षांत हसणारेच जीप मागायला दारात येऊ लागले.

मी तेव्हा वाळूजच्या एका कारखान्यात गिअर कापायच्या मशिनवर होतो. शहरात, उस्मानपुऱ्यात दोन खोल्यांचं घर होतं, पुढं शहाबादी फरशीचं अंगण. नुकतंच लग्न झालेलं. मी या नोकरीपर्यंत पोचलो तो बहिणीमुळं आणि दाजींमुळं. मी दहावीत असताना वर्षभराच्या अंतरानं आई-वडील दोघंही गेले, आणि अक्कानं मला तिच्या घरी नेलं. आय.टी.आय.ची दोन वर्षं मी तिथूनच केली. सकाळची एसटी हुकली की दाजी मला सायकलवर डबल सीट घेऊन चितेगावपर्यंत आणून सोडायचे. तिथून काहीतरी मिळायचं. वाटेत ते फारसं बोलत नसत. एकदा फक्त म्हणाले होते, की शिकून घ्या पाव्हणं, मेंढरामागं फिरून पायाला भेगा पडत्यात.

त्या वर्षी उन्हाळा संपत आला होता आणि जीप आवाज करायला लागली. वेग धरला की खालून खडखड, पाय काढला की घरघर. दाजी ती घेऊन माझ्याकडं आले. शहरातल्या मिस्त्रीकडं टाकायची होती, पण त्याआधी मला दाखवावं असं त्यांच्या मनात आलं. कारखान्यात गिअरच करतो म्हटल्यावर मला कळत असणार, असा त्यांचा सरळ हिशेब.

मी जीपमधून एक चक्कर मारली, खाली वाकून बघितलं, आणि ट्रान्सफर केस गेली असं सांगून टाकलं. ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सच्या मागं लागून असलेला लोखंडी डबा. इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देणारा. त्याच्या आत गिअर असतात आणि गिअर हे माझं काम. पण मी गिअर कापत होतो, गाड्या उघडत नव्हतो. हा फरक मला चांगला कळत होता. दाजींसमोर तो सांगावासा वाटला नाही.

दाजी म्हणाले, मग मिस्त्रीकडंच टाकू. मी म्हणालो, मिस्त्री कशाला, सुट्टीच्या दिवशी मी घरीच काढतो.

असा डबा उतरवायला खाली चाकांचा एक ठेंगणा जॅक लागतो, ज्याच्यावर डबा नीट बसतो आणि हळूहळू खाली येतो. आमच्या कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात तसा एक होता. तो मागून आणतो, असं मी दाजींना सांगितलं होतं. पूर्ण आठवडा माझ्या हातात होता. पण मेंटेनन्सच्या फोरमनशी माझं महिन्यापूर्वी वाजलं होतं, आणि त्याच्यापुढं जाऊन मागायचं माझ्या जिवावर आलं. दाजींना मी सांगितलं की जॅक दुसरीकडं गेलाय. त्याच्याऐवजी साधा बाटली जॅक आणि त्याच्यावर एक फळी असं भागवायचं ठरवलं.

सुट्टीच्या सकाळी चहा झाल्यावर आम्ही कामाला लागलो. त्या जीपचा हँडब्रेक त्याच डब्यावर असतो, डबा निघाला की ब्रेकही गेला, म्हणून चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले. चाकांखाली लाकडी ठोकळे देऊन जीप उंच केली आणि दोघं खाली शिरलो. तेल काढलं. डब्यातून चाकांकडं ताकद नेणारे पुढचा आणि मागचा, दोन्ही शाफ्ट सोडवले. दाजी प्रत्येक बोल्ट एका थाळीत ओळीनं लावून ठेवत होते, कुठला कुठून निघाला ते विसरू नये म्हणून. मला ते करायचं सुचलं नव्हतं. लिव्हर सुटली, मीटरची केबल सुटली. दहा-साडेदहापर्यंत काम असं सरळ चाललं की मी खुशीत आलो. बायको मधेच कांदेपोहे घेऊन आली, तर तिला मी जीपखालूनच एकेक भाग दाखवत बसलो. दाजी नुसते हसत होते.

शेवटी डबा गिअरबॉक्सला धरून ठेवणारे बोल्ट राहिले. मी जॅक खाली सरकवला, फळी डब्याला टेकवली आणि बोल्ट काढले. डबा सुटेना. वर्षानुवर्षांचं तेल आणि माती बसून तो चिकटला होता. मी दाजींना म्हणालो, तुम्ही खालून हात द्या, मी वरून हलवतो. कुठं हात द्यायचा तेही मीच दाखवलं. त्यांनी उजवा हात फळीच्या शेजारून डब्याखाली घातला.

मग ते म्हणाले, "पाव्हणं, फळी हालायलीय. जरा थांबावं का?"

मी बघितलं होतं. फळी खरंच हलत होती. जॅक एका बाजूला गेला होता, तो काढून नीट मधोमध लावायला पाच मिनिटं लागली असती. पण अर्धा तास मी त्या डब्याशी झगडत होतो, डोळ्यांत माती गेली होती, आणि ज्याला यातलं काही कळत नाही असा माणूस मला चूक दाखवत होता.

मी म्हणालो, "दाजी, तुम्ही मेंढरं राखायचं बघा. लोखंडाचं मला कळतं."

त्यांनी हात काढला नाही. मी लाकडी हातोडा घेऊन डब्यावर एक ठोका घातला. काही झालं नाही. दुसरा जोरात घातला. डबा सुटला, फळीवर तिरका झाला आणि मणभर लोखंड फरशीवर आलं. मधे दाजींचा हात होता.

ते ओरडले नाहीत. घशातून एक आवाज निघाला, दम कोंडल्यासारखा. मी डबा उचलायला गेलो तर तेलानं हात घसरत होते. शेजारचे दोघं धावत आले, त्यांनी मला बाजूला करून डबा उचलला. दाजींनी हात छातीशी धरला आणि स्वतःच सरपटत बाहेर आले. बायकोनं तिचं धुतलेलं लुगडं फाडून हाताला गुंडाळलं. मी रिक्षा आणायला धावलो, आणि मला आठवतं, धावताना माझ्या मनात पहिला विचार दाजींच्या हाताचा नव्हता. अक्काला काय सांगायचं, हा होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, हे कसं झालं. मी तोंड उघडायच्या आत दाजी म्हणाले, "माझाच हात मधी गेला." मला वाटलं, वेदनेत बोलून गेले असतील. शेजाऱ्यानं गावाकडं निरोप धाडला होता, अक्का दुपारच्या गाडीनं आली. तोवर दोन बोटं, अंगठ्याजवळचं आणि मधलं, अर्ध्यातून काढावी लागली होती. अक्का कॉटच्या पायथ्याशी उभी राहिली आणि तिनं तेच विचारलं. दाजींनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि तिला तेच सांगितलं. पाव्हणं थांबा म्हणत होते, मीच घाई केली, असंही वर जोडलं.

अक्कानं माझ्याकडं बघितलं. मी काही बोललो नाही.

ही गोष्ट मी किती प्रकारे स्वतःला समजावून बघितली. ती घाबरलेली होती, दाजी दुखण्यात होते, आत्ता ती वेळ नव्हती, उद्या सांगू, घरी गेल्यावर सांगू. खरं एवढंच, की दाजींनी मला वाट करून दिली आणि मी तिच्यावरून चालत गेलो.

आठवड्यानं जीप जोडायला मी गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला घरी बोलावलं. त्यानं डबा उघडला, आतले दात बोटानं चाचपले आणि पुन्हा बंद केला. मग सोडवून भिंतीला टेकवलेला मागचा शाफ्ट हातात घेऊन हलवला. त्याच्या सांध्यातला क्रॉस, म्हणजे फुलीसारखा लोखंडी तुकडा, खुळखुळला.

"डब्बा तो अच्छा है," तो म्हणाला. "क्रॉस गया था. आपकू डब्बा खोलने किसने बोला?"

नवा क्रॉस त्यानं तासाभरात घातला. आवाज गेला. दाजी हात गळ्यात बांधून जीप न्यायला आले, बरोबर त्यांच्या गावचा एक ड्रायव्हर होता. काय निघालं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, डब्यातलं बेअरिंग गेलं होतं, बदललं. त्यांनी मान हलवली. म्हणजे बघा, खरं न सांगणं एक होतं, हे त्याच्या पुढचं.

दाजी लोकर कातरण्यात नावाजलेले होते. वर्षातनं दोनदा कातरणी आली की आसपासच्या गावांतले धनगर त्यांना बोलवायचे. मेंढी पायांत धरून ते कातर चालवायचे तेव्हा लोकर गोधडीसारखी एकसंध उतरायची आणि मेंढीच्या अंगावर ओरखडा नसायचा. लहानपणी मी ते तासन्‌तास बघत बसायचो. त्या कातरीला पहिली दोन बोटंच लागतात. हात बरा झाल्यावर त्यांनी डाव्या हातानं शिकायचा प्रयत्न केला. दोन-तीन मेंढ्यांना जखमा झाल्या आणि त्यांनी कातर ठेवून दिली. पुढं त्यांच्याच कळपाची कातरणी दुसरे करायला यायचे आणि दाजी मेंढ्या धरून द्यायचे.

अक्का त्यांना बोलायची. ती वाईट बाई नाही, पण घरातलं काम अडलं की तिच्या तोंडून यायचंच. दोरीची गाठ बसेना, धारेची चरवी हातातून निसटली, की म्हणायची, माझा भाऊ थांबा म्हणत होता, ऐकलं असतं तर ही वेळ आली नसती. कुठंबी हात घालायची सवय. दाजी ऐकून घ्यायचे. मी समोर असलो तरी ऐकून घ्यायचे. मी चहाच्या कपात बघत बसायचो. दिवाळीला, पंचमीला, भाच्याच्या जावळाला. अकरा वर्षं.

माझी बढती झाली, सुपरवायझर झालो. नव्या पोरांना मशिनवर घेताना मी पहिल्यांदा सुरक्षिततेचं सांगायचो. हात कुठं घालू नये यावर मी चांगला बोलतो, असं सगळे म्हणत. बोलताना माझ्या डोळ्यांपुढं काय यायचं ते त्यांना माहीत नव्हतं.

मग भाचीला बघायला पाहुणे आले. शहरातलं स्थळ होतं, म्हणून कार्यक्रम माझ्याच घरी ठेवला होता. दाजी पाहुण्यांना पानसुपारी देत होते, तबक कलंडलं आणि सुपारी फरशीवर सांडली. मुलाच्या वडिलांनी हाताचं विचारलं. अक्का लगेच हसून म्हणाली, "ह्यांना जीपखाली काय धरावं अन् काय नाय ते कळत नव्हतं. माझ्या भावानं किती सांगितलं." पाहुणे हसले. दाजीही त्यांच्याबरोबर हसले आणि वाकून सुपारी गोळा करायला लागले. तीन बोटांनी, एकेक.

पाहुणे गेल्यावर मला जेवण गेलं नाही. दोन दिवसांनी मी रजा टाकली आणि गावाकडं गेलो. मुद्दाम अशा वेळी, की दाजी मेंढरांकडं असतील.

अक्का अंगणात ज्वारी पाखडत होती. मी तिच्यापुढं बसून सगळं सांगितलं. जॅक मागायला गेलो नव्हतो ते, हात कुठं द्यायचा ते मी दाखवलं ते, ठोका मी घातला ते. डब्यात काही बिघडलंच नव्हतं, हेही सांगितलं. ती ऐकत होती, सूप मांडीवर तसंच.

"ते थांबा म्हणले होते?" तिनं विचारलं.

"व्हय."

"मग तू काय म्हणलास?"

हे एक मी गाळलं होतं. तिनं विचारलं नसतं तर गाळलंच असतं. मी ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

तिनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "आपल्या बापानं काय राखलं रे? मेंढरंच ना?" आणि सूप खाली ठेवून म्हणाली, "अकरा वर्षं मी त्या माणसाला बोलले. तुझ्यासमोर बोलले. तू चहा पीत होतास." त्यानंतर ती उठून आत गेली आणि दार लोटून घेतलं. रडण्याचा आवाज आला नाही. मी अंगणात बसून राहिलो, तिनं पाणीसुद्धा विचारलं नाही.

परतताना वाटेत दाजी भेटले, कळप घेऊन येत होते. माझा चेहरा बघून त्यांना समजलंच असावं. मी म्हणालो, अक्काला सांगितलं. ते काठीवर हनुवटी टेकून उभे राहिले. रागावलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं, तेव्हा बघितलं. आवाज मात्र चढला नाही.

"कामून सांगितलं? तुम्हाला हलकं वाटलं असंल पाव्हणं. पण तिला माहेर म्हणून तुमचंच एक घर हाय. म्हणून मी बोललो नव्हतो. माझी बोटं काय, गेली ती गेली."

मेंढ्या आमच्या दोन्ही बाजूंनी पुढं गेल्या. तेही त्यांच्या मागं गेले.

तोपर्यंत मी समजत होतो, की दाजींनी मला वाचवायला खोटं सांगितलं. माझी भीती ओळखून, माझ्यावरच्या दयेपोटी. अकरा वर्षं मी त्याच ओझ्याखाली होतो. त्या खोट्यात माझा विचार कमी होता, अक्काचा जास्त होता. आणि जे त्यांनी दोन बोटं घालवूनही राखलं होतं, ते मी एका सकाळी, माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून, मोडून आलो होतो. सांगायला नको होतं असं मी आजही म्हणू शकत नाही. सांगून बरं केलं असंही म्हणवत नाही.

त्या भाऊबीजेला अक्का आली नाही. बायको स्वतः जाऊन बोलावून आली, तरी नाही. दाजी मात्र दर दोन-तीन महिन्यांनी येत राहिले. शहरात काही काम निघालं की दुपारी येऊन बसायचे, नवी ज्वारी किंवा गावरान शेंगा आणायचे, पावसाचं बोलायचे. अक्का बरी हाय, एवढं सांगायचे. दुसऱ्या भाऊबीजेलाही ती आली नाही.

बरेच दिवस रेंगाळलेलं तेच स्थळ शेवटी भाचीला जमलं आणि लग्न ठरलं. नवरी मुलीला मांडवात मामानं आणायचं असतं. अक्कानं दाजींकडून निरोप पाठवला, की मामानं यावं. फक्त तेवढा.

मी गेलो. भाचीला हाताला धरून बोहल्यापर्यंत आणलं, तिच्या पाठीशी उभा राहिलो. अक्का माझ्यापासून दोन हातांवर होती, माझ्याकडं बघत नव्हती. कन्यादानाच्या वेळी दाजींनी ओंजळ केली. ब्राह्मणानं पाणी घातलं तसं ते अर्ध्या बोटांच्या जागेतून खाली गळायला लागलं. दाजींनी बोटं आवळून बघितली, राहीना. तेव्हा अक्कानं आपली ओंजळ त्यांच्या ओंजळीखाली धरली. विधी पूर्ण होईपर्यंत तशीच धरून राहिली.

पंगती उठल्यावर मी मांडवाच्या कडेला बसलो होतो. अक्का माझ्यापुढं येऊन उभी राहिली. दोन वर्षांत पहिल्यांदा बोलली.

"मला येऊन सगळं सांगितलंस. त्यांना कधी म्हणलास का, चुकलं म्हणून?"

मी विचार केला. रिक्षात नाही, दवाखान्यात नाही, त्या दिवशी वाटेत नाही. नंतर ते कितीदा माझ्या घरी येऊन बसले, तेव्हाही नाही. मनातल्या मनात मी इतक्या वेळा म्हटलं होतं, की तोंडानं म्हटलेलंच नाही हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"नाय," मी म्हणालो.

ती भांड्यांकडं निघून गेली.

दाजी मांडवात सतरंज्या झटकत होते. मी त्यांच्याजवळ गेलो. काय बोलायचं ते जुळवत होतो, पण जुळलं नाही. म्हणालो, "दाजी, माझं चुकलं. हाताचं बी, आन् बोललो ते बी."

त्यांनी हातातली सतरंजी थांबवली. माझ्याकडं बघितलं, मग पलीकडं भांडी गोळा करणाऱ्या अक्काकडं.

"मेंढरांचं बोललात ते लागलं होतं," ते म्हणाले. "हाताचं तेवढं नाय."

मग त्यांनी सतरंजीची दोन टोकं माझ्या हातात दिली, आणि आम्ही ती घडी घालायला लागलो.